भक्ती-वसतिगृहात राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडमिशनचा मोसम आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा तरी भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आलेला असतो, कॉलेजच्या बाहेर त्याला कुणीतरी गीता दिलेली असते आणि तो आता ‘भक्तांबरोबर’ राहायचं म्हणतो. मी मूळचा बार्शीचा. पुण्यात शिकताना तीन वर्षं गौडीय वैष्णव, म्हणजे बंगालच्या कृष्णभक्तीच्या परंपरेतल्या एका छोट्या विद्यार्थी-वसतिगृहात काढली. वसतिगृह म्हणजे भाड्याचे तीन फ्लॅट आणि वरची गच्ची, त्यात बावीस पोरं. आता नोकरी करतो, रोज जप करतो आणि तिथे राहत नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून काढली.

भक्तियोग म्हणजे आसनं आणि प्राणायाम का?

नाही. योग म्हटलं की २१ जून आणि सतरंजी आठवते, त्यामुळे हा घोळ होतो. गीतेच्या बाराव्या अध्यायाचं नावच भक्तियोग आहे. अध्याय लहान आहे, अवघे २० श्लोक. देवाशी जोडून घ्यायचं साधन म्हणून भक्ती करायची, असा साधा अर्थ. साधन नऊ प्रकारचं. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन ही यादी भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद आपल्या बापाला ऐकवतो. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात यातल्या एकेका भक्तीला एकेक समास दिलाय, तो घरी असेल तर आधी वाचा, मराठीतून पटकन कळतो.

वसतिगृहात मुख्य भर श्रवण, कीर्तन आणि स्मरणावर. म्हणजे सकाळचा क्लास, आरत्या-भजनं आणि माळेवरचा जप. भांडी घासणं दास्यात मोडतं असं आम्हाला सांगत, आणि त्या दिवशी भांड्यांची पाळी ज्याची असे त्याला ते कधी पटत नसे.

शिकवतात काय नक्की? परीक्षा असते का?

असते, तुमची इच्छा असेल तर. पहिल्या वर्षी गीता, रोज थोडी थोडी, एक श्लोक पाठ करून सकाळी म्हणून दाखवायचा. ७०० श्लोक पाठ करणारा मी एकच पाहिला. बाकी आम्ही साठ-सत्तरवर थांबलो. पुढे ‘भक्तिशास्त्री’ नावाचा अभ्यासक्रम करता येतो. त्यात गीता, १८ मंत्रांचं ईशोपनिषद, चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांचं ११ श्लोकांचं उपदेशामृत आणि त्यांच्याच भक्तिरसामृतसिंधूचं सार असतं. परीक्षेच्या खुली पुस्तकं, बंद पुस्तकं, तोंडी, सगळ्या तऱ्हा असतात. शिवाय मृदंग, करताल, पेटी, स्वयंपाक आणि देवाचे कपडे नेसवणं, हे अभ्यासक्रमात नसतं पण आपोआप येतं.

एक अडचण सांगून ठेवतो. क्लास बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. गावाकडून आलेल्या मुलाला पहिले दोन महिने जड जातात.

ही वसतिगृहं आली कुठून? मंदिरातला आश्रम तो हाच का?

परंपरा चैतन्य महाप्रभूंची, बंगालची. त्यांचा जन्म १४८६ चा, नवद्वीपचा. आज शहराशहरात दिसणाऱ्या या विद्यार्थी-वसतिगृहांमागे बऱ्याच अंशी इस्कॉनची पद्धत आहे. ए. सी. भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद १९६५ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, मालवाहू जहाजाने अमेरिकेला गेले आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी इस्कॉन ही संस्था काढली. त्यांच्याभोवती पहिल्यांदा गोळा झाली ती तिथली कॉलेजच्या वयाची मुलं. तेव्हा तरुणांनी एकत्र राहून साधना करायची ही रीत तिथे पहिल्यापासूनच आहे.

मंदिरातला ब्रह्मचारी आश्रम वेगळा. तिथले लोक शिक्षण किंवा नोकरी मागे ठेवून पूर्णवेळ आलेले असतात. विद्यार्थी-वसतिगृहातला मुलगा सकाळी धोतरात आणि नऊ वाजता जीन्समध्ये, पाठीला सॅक, हातात जर्नल. दोन्हींतला फरक तिथे राहणाऱ्यांनाही कधीकधी विसरायला होतो. त्याबद्दल पुढे आहेच.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल आहे. आजोबा माळकरी. मग हे वेगळं काय आणि कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण माझ्या घरी तो चांगला तीन वर्षं चालला.

सारखेपणा भरपूर आहे. तुळशीची माळ गळ्यात, एकादशी, नामस्मरण, मांसाहार बंद, भेटल्यावर पाया पडणं. आपण ‘राम कृष्ण हरि’ म्हणतो, तिथे ‘हरे कृष्ण हरे राम’. चैतन्य महाप्रभू दक्षिणेच्या यात्रेत पंढरपूरला आले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. चैतन्यचरितामृतात तो प्रसंग आहे. पंढरपुरात त्यांना श्रीरंगपुरी नावाचे संन्यासी भेटले आणि आपला थोरला भाऊ विश्वरूप, जो संन्यास घेऊन घरातून गेला होता, त्याने तिथेच देह ठेवला हे त्यांना कळलं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटाकडे बघण्याची माझी नजर जरा बदलली. तुकोबांच्या गुरुपरंपरेत राघवचैतन्य, केशवचैतन्य ही नावं आहेत, ती पाहून लगेच बंगालशी नातं जोडणारे उत्साही लोक भेटतील. मी त्या फंदात पडत नाही.

वेगळेपणाही खराच आहे. वारकरी संप्रदाय प्रपंचात राहणाऱ्यांचा. शेत, गुरं, लेकरं सांभाळून वर्षातून वारी करायची. वसतिगृहात मात्र पहाटेपासूनची आखीव साधना आणि ती मोजायची रीत. आपल्याकडे ज्ञानेश्वरीतून येणारा अद्वैताचा सूर आहे. गौडीय मंडळी जीव आणि देव यांच्यात भेदही मानतात आणि अभेदही, आणि दोन्ही एकाच वेळी कसे हे बुद्धीला न कळणारं आहे असं म्हणतात. क्लासमध्ये कधी एखादा उत्साही सीनियर ‘निराकारवादी’ असा शब्द जरा तुच्छतेने वापरतो. ज्ञानोबांच्या मुलखातल्या पोराला तो टोचतो, मलाही टोचला. मी विचारलं, वाद झाला, संध्याकाळी दोघांनी मिळून पोळ्या लाटल्या.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणतो. पहिल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्यांनी माझी जपाची पिशवी उघडायला लावली. माळ बाहेर काढली, मणी बोटांनी चाचपला, नाकाशी नेला. “तुळशीच आहे,” म्हणाले आणि परत पिशवीत ठेवली. विषय संपला. पण आजीच्या हातचा चहा नको म्हटलं तेव्हा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दिवस कसा असतो?

पावणेचारला उठायचं. गिझर एक, माणसं बावीस, त्यामुळे साडेतीनला उठणारा शहाणा. बादली भरायची, अंगावर ओतायची, कोरडं व्हायचं, सगळं चार मिनिटांत. मागे उभा असलेला आदबीने म्हणतो, “प्रभुजी, जरा लवकर.” तिथे सगळे एकमेकांना प्रभुजीच म्हणतात, कालपर्यंत एका बाकावर बसणारासुद्धा. पहिला आठवडा हसू येतं.

साडेचारला मंगल आरती. सूर्योदयाच्या साधारण दीड-पावणेदोन तास आधी सुरू होणारा ब्रह्ममुहूर्त त्यात साधला जातो. मंदिरात शंख, मृदंग, सगळं दणक्यात चालतं, पण आमच्याखाली एक निवृत्त मास्तर राहत. त्यांच्या दोन तक्रारींनंतर खिडक्या बंद, मृदंग बंद, टाळ्यासुद्धा बोटांनी. बावीस जण दबक्या आवाजात आरती म्हणतायत, समईचा उजेड, कुणाचं तरी धोतर सुटतंय, हे दृश्य मला अजून आठवतं. मग तुळशीची आरती आणि प्रदक्षिणा, कुंडीतली तुळस, गच्चीवर. सव्वापाच ते सात जप. सव्वासातला भागवताचा किंवा गीतेचा क्लास. आठला नाश्ता, पोहे नाहीतर उपमा. मग कॉलेज.

संध्याकाळी परत आल्यावर जेवण, तासभर वाचन किंवा आपापला अभ्यास, साडेनवाला दिवे बंद. दिवे बंद म्हणजे खरंच बंद. इंजिनिअरिंगच्या मुलाला हे सगळ्यात कठीण, कारण त्याचं निम्मं सबमिशन रात्री बारानंतर होत असतं.

झोप पुरते का?

साडेनऊला झोपलात तर सहा तास मिळतात. साडेअकराला झोपलात तर डीबीएमएसच्या तासाला पहिल्या बाकावर घोराल. मी घोरलोय. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘युक्ताहारविहारस्य’ या श्लोकात आहार, कामं, झोप, जागरण सगळं बेताचं असावं असं स्वतः कृष्णच सांगतो, आणि त्याच्या आधीच्याच श्लोकात फार जागणाऱ्याला योग साधत नाही असंही. तरी काही ठिकाणी कमी झोपण्याची चढाओढ लागते. त्यात पडू नका. ताप असेल, पेपर असेल, रात्री प्रवास झाला असेल तर झोपा, कुणाला विचारायला जाऊ नका.

सोळा माळा म्हणजे किती? नाही झाल्या तर?

एका माळेत १०८ मणी, प्रत्येक मण्यावर पूर्ण महामंत्र, म्हणजे तोच ‘हरे कृष्ण हरे राम’. सोळा माळा म्हणजे १७२८ वेळा. सराव झाल्यावर एका माळेला सात-आठ मिनिटं लागतात, एकूण दोन तासांच्या आसपास. नवख्याला पंधरा मिनिटंही लागतात. कुणीही पहिल्या दिवशी सोळावर जात नाही, जाऊ नये. एक माळ, मग दोन, मग चार, असं वाढवतात. मला सोळापर्यंत यायला चौदा महिने लागले आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत परत आठवर उतरलो.

नाही झाल्या तर काही होत नाही. साधनेचा तक्ता असतो, त्यात रोज किती माळा, किती वाचन, किती वाजता उठलो ते लिहायचं. तो खरा भरा. आमच्यात एक जण महिनाभर सोळा-सोळा लिहीत होता आणि त्याची माळ पलंगाखाली पडलेली होती.

बाराव्या अध्यायातच यावर उतारा आहे. मन माझ्या ठायी स्थिर ठेव, म्हणतो कृष्ण. जमत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही नाही तर फळ सोड. इतकी सवलत विद्यापीठही देत नाही. इथला ‘अभ्यास’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, पण मराठीत तोच शब्द पुस्तकाला वापरतो, त्यामुळे या श्लोकावर आमच्याकडे बरेच विनोद चालत. ज्ञानदेव तिथे म्हणतात, ‘म्हणौनि अभ्यासासी कांहीं । सर्वथा दुष्कर नाहीं’. ही ओवी कागदावर लिहून मी टेबलासमोर चिकटवली होती, दोन्ही अर्थांनी.

जप करताना झोप येते.

उभं राहा. चालत करा. गच्चीवर जा. सगळ्यांनाच येते.

अभ्यासाचं काय होतं? मुलगा नापास होईल का?

खरं उत्तर असं आहे की दोन्ही होताना पाहिलंय. ज्याचा दिवस आधी मोकाट होता, त्याचे मार्क वाढलेले पाहिले. सिगारेट नाही, रात्री तीनपर्यंत वेब सिरीज नाही, सकाळी डोकं ताजं. आणि ज्याला अभ्यास आधीपासून नकोसा होता, त्याला न करायला एक पवित्र कारण मिळालेलंही पाहिलं.

माझं सांगतो. एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या गणिताचा पेपर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. गीता जयंती मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला येते, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या परीक्षांच्या डोक्यावरच. या दिवसांत गीतेच्या प्रती वाटायची मोठी मोहीम असते. रोज संध्याकाळी सिग्नलवर, सोसायट्यांमध्ये, बसस्टँडवर पुस्तकं घेऊन उभं राहायचं. आमच्या सीनियरने सांगितलं, तू कृष्णाचं काम कर, तुझं काम कृष्ण करेल. मला ते फार आवडलं. लाप्लास ट्रान्सफॉर्म कृष्णाने केला नाही. केटी बसली, म्हणजे विषय राहिला. वडिलांना सांगताना जीभ जड झाली होती.

चूक सीनियरची किती आणि माझी किती, यावर मी बराच विचार केलाय. तो एकवीस वर्षांचा होता, मी एकोणीसचा. सीनियर म्हणजे काही अनुभवी माणूस नव्हे, दोन वर्षं आधी आलेला मुलगा. नंतर मंदिरातल्या एका प्रौढ गृहस्थ भक्तांकडे गेलो, ते स्वतः प्राध्यापक. त्यांनी विचारलं, “अर्जुनाला युद्ध सोडून जप करायला सांगितलं होतं का?” पुढच्या सेमिस्टरपासून परीक्षेआधी तीन आठवडे मला सगळ्या सेवांतून सुट्टी, जप फक्त सकाळी, असं त्यांनी वसतिगृहात सांगून ठेवलं. एम-थ्री पुढच्या खेपेला सुटला.

तेव्हा राहायला जाण्याआधीच विचारून घ्या: परीक्षेच्या काळात काय नियम आहे? उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरीकडे बघा.

जेवायला काय असतं? कांदा-लसूण चालत नाही म्हणजे जेवण सपक असेल ना?

मांस, मासे, अंडी नाहीत. कांदा-लसूण नाही. आपल्याकडे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून चातुर्मासाची तयारी करतात, तसा इथे बारमाही चातुर्मास समजा. सपक मात्र नसतं. हिंग, आलं, जिरं, ओलं खोबरं, दही यांवर सगळं निभतं. राजस्थानी, बंगाली, तेलुगू, मराठी मुलं एका ओट्यावर असल्यामुळे आज मोहरी वाटून लावलेली भाजी, उद्या गट्टे, परवा आमटी-भात.

खरी अडचण वेगळी आहे. स्वयंपाक आधी देवाला दाखवायचा असतो, त्यामुळे शिजवताना चाखायचं नाही. मीठ अंदाजाने. एका रविवारी आमटीचं पातेलं माझ्याकडे होतं. मी मीठ घालून पोळ्यांकडे वळलो, आणि सोलापूरचा एक प्रभुजी येऊन, राहिलं असेल म्हणून, पुन्हा घालून गेला. नैवेद्याचं ताट भरलं, तुळशीचं पान ठेवलं, घंटी वाजली, दार लावलं. पंधरा मिनिटांनी पंगत बसली. प्रसादाला नावं ठेवायची नसतात. बावीस जणांनी तोंडातून शब्द न काढता ती आमटी खाल्ली. पाण्याचे तीन जग संपले. शेवटी वाढणाराच हसायला लागला.

चहा-कॉफी?

नाही. पहिले चार दिवस डोकं दुखतं. मग थांबतं. आजीच्या चहाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आता तिथे गेलो की घेतो.

एकादशी कशी करतात?

महिन्यातून दोन. धान्य आणि डाळी वर्ज्य. साबुदाणा, बटाटा, रताळी, शेंगदाणे, फळं चालतात. मराठी घरातल्या मुलाला यात नवं काही नाही. पारण्याची वेळ मात्र काटेकोर पाळतात, द्वादशीला पंचांगातल्या ठरलेल्या वेळेतच धान्य खाऊन उपास सोडायचा. बाकीच्यांना हे विचित्र वाटे, मला नाही. आमच्या बार्शीचं नावच द्वादशीवरून पडलं असं गावात सांगतात. भागवतात द्वादशीच्या पारण्यासाठी दुर्वासांची वाट बघत थांबलेला अंबरीष राजा येतो, त्याच्यासाठीच आमच्या गावचा भगवंत उभा आहे अशी आमच्याकडची समजूत. पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी ही म्हण घेऊनच मी मोठा झालो.

एक गंमत सांगून ठेवतो. फाल्गुनी पौर्णिमेला महाप्रभूंची जयंती असते आणि चंद्रोदयापर्यंत उपास. म्हणजे अख्ख्या गल्लीत पुरणाचा वास सुटलेला असताना तुम्ही पाणी पिऊन कीर्तन करत असता. आमच्याकडे पुरणपोळी दुसऱ्या दिवशी, धुळवडीला होत असे.

मोबाइल ठेवू देतात का?

ठेवू देतात. सकाळी साधनेच्या वेळी खोलीत ठेवायचा, एवढंच. काही ठिकाणी रात्री एका टोपलीत जमा करतात. कुठे कायमचा काढून घेत असतील किंवा घरी फोन करायला परवानगी मागावी लागत असेल तर तिथे राहू नका.

खर्च किती?

आकडा सांगत नाही, कारण शहराप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो. भाड्याचा वाटा आणि जेवणाचा वाटा असं साधारण असतं. स्वयंपाक-साफसफाई स्वतःच करत असल्याने खाजगी होस्टेल आणि मेसपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. दान हा वेगळा विषय, तो ऐच्छिकच असायला हवा. दोन्हींच्या पावत्या वेगवेगळ्या मागा. विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीतून किंवा बापाच्या पैशातून दान देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलींसाठी अशी सोय असते का?

असते, पण कमी ठिकाणी. मुलामुलींची वसतिगृहं पूर्ण वेगळी असतात. मुलींकडची व्यवस्था बहुधा एखाद्या गृहस्थ कुटुंबातल्या प्रौढ माताजी बघतात. तिथे राहिलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की साधना तीच, पण बाहेर जाण्या-येण्याचे नियम मुलांपेक्षा बरेच कडक. ते तिला पटलं नव्हतं, मलाही पटत नाही. जाण्याआधी वेळा विचारून घ्या, विशेषतः प्रॅक्टिकल आणि इंटर्नशिपवरून उशीर झाला तर काय, हे.

मुलगा संन्यासी होईल का?

आई-बाबांचा हाच खरा प्रश्न असतो, बाकीचे सगळे प्रश्न याच्या आधी घसा खाकरण्यासाठी असतात.

माझ्याबरोबरच्या बावीसांपैकी बहुतेक जण नोकरीला लागले आणि लग्नं करून बसले. एक जण पूर्णवेळ ब्रह्मचारी झाला. संन्यास ही त्या परंपरेत फार पुढची, अनेक वर्षं पारखून द्यायची गोष्ट आहे. आधी ब्रह्मचारी, आणि तिथूनही लग्न करून गृहस्थ होता येतं, होतातही. भक्तिविनोद ठाकूर हे या परंपरेतलं केवढं मोठं नाव, ते इंग्रजांच्या काळात डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि भरल्या घरचे होते. स्वतः प्रभुपादांनी अलाहाबादेत औषधांचा व्यवसाय केला, संसार केला आणि संन्यास घेतला तो १९५९ मध्ये, साठी उलटल्यावर.

पण ‘होणारच नाही’ असं मी कुठल्याही बापाला सांगत नाही. विशीतल्या मुलाला जे आवडतं त्यात तो पूर्ण बुडतो. आमच्यातला जो ब्रह्मचारी झाला, त्याच्या वडिलांचा मला फोन आला होता. “तू का नाही झालास, आणि तो का झाला?” एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आता ते वर्षातून दोनदा त्याला भेटायला येतात, येताना डिंकाचे लाडू आणतात. आई अजून येत नाही.

घरच्यांना एकच सुचवेन. विरोध करायचा असेल तर खुशाल करा, पण जाऊन या. एक दिवस राहा, पहाटेच्या आरतीला बसा, स्वयंपाकघर बघा, त्याच्या पलंगावर झोपून बघा. फोनवरून भांडलेले आईवडील मी पाहिलेत, त्याने मुलगा आणखी आत जातो. आणि त्याला सांगा की डिग्री हातात आल्याशिवाय, आणि त्यानंतर वर्षभर कमावल्याशिवाय, कुठलाही मोठा निर्णय नाही. चांगली जागा असेल तर तिथले लोकही हेच सांगतील.

ब्रेनवॉश करतात का?

शब्द मोठा आहे. मी तीन वर्षं प्रश्न विचारले, काहींची उत्तरं पटली, काहींची नाहीत, आणि कुणी मला हाकललं नाही. पण एकाच प्रकारची माणसं, एकाच प्रकारची पुस्तकं, दिवसाचे चोवीस तास, याने विचार अरुंद होतात हे खरं. मी दोन वर्षं कॉलेजच्या गॅदरिंगला गेलो नाही, जुन्या मित्रांना ‘कर्मी’, म्हणजे भक्ती सोडून नुसते संसारात रमलेले, म्हणायला लागलो. कुणी शिकवलं नव्हतं, हवेतच होतं. एका मित्राने तोंडावर सांगितलं तेव्हा लाज वाटली. म्हणून वसतिगृहाबाहेरचे दोन मित्र, एक खेळ आणि एक वर्तमानपत्र सोडू नका.

दीक्षा लगेच घ्यावी लागते का?

मुळीच नाही. किमान वर्षभर सोळा माळा आणि चार नियम (मांसाहार, नशा, जुगार आणि विवाहबाह्य संबंध यांपासून दूर राहणं) सातत्याने पाळल्यावर पुढचा विचार होतो, आणि प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तीन वर्षांत मी घेतली नाही, कुणी तगादाही लावला नाही.

गणपतीला घरी जाऊ देतात का?

जा. विचारायचं काय त्यात? जन्माष्टमीला मात्र थांबा. मध्यरात्रीपर्यंतचा उपास, अभिषेक, सकाळपासून चाललेला शंभरेक पदार्थांचा स्वयंपाक, हे घरी मिळायचं नाही. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला, तीच प्रभुपादांची जन्मतिथी, त्यामुळे पुन्हा पंगत. मग दहा-बारा दिवसांत गणपती येतात, तेव्हा सरळ एसटी धरा. मोदक घरी देवाला दाखवूनच खाता, तेव्हा तोही प्रसादच.

मधेच सोडायचं असेल तर?

महिन्याचं भाडं द्या, नमस्कार करा आणि निघा. थोडी कुजबुज होईल. दोन-चार जण ‘माया’ वगैरे म्हणतील, त्यातलेच दोघे पुढच्या वर्षी तुमच्याकडे खोलीची चौकशी करायला येतील. मी शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी बाहेर पडलो, पण रविवारी जात राहिलो. अजूनही खालच्या मास्तरांना भेटून मग वर जातो.

येताना काय आणू?

दोन धोतरं किंवा लुंग्या, जाड चादर, स्वतःची बादली आणि मग, त्यावर रंगाने नाव. कुलूप. स्वेटर, कारण पहाटे चारला पुण्यातही नोव्हेंबरपासून हुडहुडी भरते. गजराचं वेगळं घड्याळ, म्हणजे मोबाइल उशाला लागत नाही. घरातली ज्ञानेश्वरी असेल तर तीही आणा, कपाटात जागा होते. आईला सांगा की चिवडा देणार असाल तर बिनलसणाचा, आणि डबा मोठा द्या, कारण तो खोलीत पोचेपर्यंत निम्मा होतो.